थोरलीची सिद्धता

धाकटी गणित मनातल्या मनात करत नसे. तिच्या घरात तशी सोय नव्हती.

संध्याकाळी विद्यापीठातून आली, हातपाय धुतले, चहा घेतला की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि मोठ्याने सुरुवात करायची. "समजा," असं म्हणून. पलीकडच्या खोलीत आईचं शिलाई मशीन चालू असायचं. लोकांचे घट्ट झालेले, सैल झालेले, उसवलेले कपडे आई मापाला आणून द्यायची. धाकटीचं "समजा" कानावर पडलं की मशीनची खडखड हळू व्हायची आणि मग थांबायची. पाय तसेच पायडलवर ठेवून आई ऐकत बसायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती. कधी धाकटी दमून मुकाट्याने वाचू लागली, तर पलीकडून हाक यायची.

"झोपलीस का गं?"

"नाही. वाचतेय."

"मग आवाज का नाही?"

आणि धाकटी पुन्हा सुरू व्हायची.

एरवी ती सावकाश बोलणारी, एकेक शब्द चाचपून पुढे टाकणारी. दुकानात गेली तर दुकानदारच तिचं वाक्य पुरं करून टाकायचा. पण गणित बोलू लागली की गाडी निराळीच धावायची. "बरं का," म्हणून ती पुढच्या पायरीवर उडी घ्यायची, वाक्याच्या शेवटी आवाज वर न्यायची, आणि सिद्धता पुरी झाली की टेबलावर दोन बोटं वाजवून म्हणायची, "संपलं."

ते "बरं का" तिचं नव्हतं. ती बोटंही तिची नव्हती. एकदा आत्या न कळवता आली होती. दारात चपला काढता काढता तिने आतला आवाज ऐकला आणि भिंतीला हात टेकून तिथेच खाली बसली. "मला वाटलं..." एवढंच म्हणाली. आईने तिला पाणी आणून दिलं. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला आनंद म्हणता यायचं नाही. पण आपल्या हातच्या शिलाईचं कोणी चारचौघांत नाव काढावं, तसं काहीतरी होतं.

थोरली गणितच शिकत होती. याच विद्यापीठात, याच विभागात. तिची अभ्यासाची रीत सगळ्या घराला त्रास देणारी होती. तिला लिहून काही कळायचं नाही. कोणाला तरी समजावून सांगितलं की मग कळायचं. घरात रिकामं माणूस एकच होतं, ते म्हणजे तेरा वर्षांची धाकटी. थोरली तिला टेबलाशी बसवायची, स्वतः ओट्यापासून दारापर्यंत येरझारा घालायची आणि बोलत सुटायची.

"मी थांबले की तू 'का?' म्हणायचं. बाकी काही करायचं नाही. जमेल?"

"पण मला काही कळत नाही ताई."

"म्हणून तर तुला घेतलंय. कळणारी माणसं 'हो हो' करतात आणि माझं घोडं पुढे ढकलतात."

मग थोरली एक पायरी सांगून थांबायची. धाकटी म्हणायची, "का?" थोरली कारण सांगायची, नाही सांगता आलं तर स्वतःच्याच कपाळावर चापट मारून पुन्हा मागून सुरू करायची. धाकटी कंटाळायची, डुलक्या काढायची, वेणीला झटका बसला की दचकून म्हणायची, "का?" आणि थोरली हसायची. अशा किती सिद्धता धाकटीच्या कानावरून गेल्या देव जाणे. कवितेसारख्या पाठ झाल्या. अर्थ नाही, नुसती चाल.

त्या वर्षी थोरली एकाच सिद्धतेच्या मागे लागली होती. शेवटच्या वर्षाला सगळ्या वर्गासमोर फळ्यावर तीच करून दाखवायची होती, म्हणून रोज संध्याकाळी तीच म्हणायची. मग ताप आला. साधा आहे, दोन दिवसांत उतरेल, असं म्हणता म्हणता तो डोक्यात गेला. हॉस्पिटलात नेताना थोरली बाबांना म्हणाली होती, "परत आल्यावर फळ्याची तारीख बदलून घ्यावी लागेल." परत आली नाही.

नंतर बराच काळ त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मग एका दुपारी शाळेचं गणित सोडवताना धाकटीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "बरं का." पलीकडे मशीन थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात कोणाची तरी उसवलेली पँट होती.

"म्हण पुढे," आई म्हणाली.

तिथून ते सुरू झालं. धाकटीला गणिताची आवड होती का, हे कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिने स्वतःलाही विचारलं नाही. गणित आलं की ताईचा आवाज यायचा आणि आवाज आला की गणित सुटायचं. मार्क चांगले पडत गेले. विद्यापीठाच्या गणित विभागात नाव घातलं तेव्हा आईने थोरलीचे कोट नि स्वेटर पेटीतून बाहेर काढले, धाकटीच्या अंगावर चढवले, टाचण्या लावल्या आणि मापाला आणले. थोरली उंच होती. बाह्या बऱ्याच आत घ्याव्या लागल्या.

बाबा पाणीखात्यात मीटर दुरुस्त करायचे. घरीही वर्तमानपत्र पसरून, एखादं बिघडलेलं मीटर उघडून बसायचे. संध्याकाळी "समजा" सुरू झालं की मीटरची चाकं नि स्क्रू कागदासकट उचलून ते गॅलरीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. एकदाच ते आईला म्हणाले होते, "तिला तिचं तिचं शिकू दे."

"शिकतेय की. मी काय तिचा हात धरलाय?"

बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

गणित विभाग एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. लांब बोळ, दोन्ही अंगांना वर्ग, प्रत्येक दारावर तोच फिकट निळा रंग. वर्गात शिरलं की खडूची धूळ आधी घशात जायची, गणित मागाहून. शेवटच्या वर्षाला तिथे एक रीत होती. प्रत्येक विद्यार्थ्याने एक प्रमेय निवडायचं आणि सगळ्या वर्गासमोर, हातात कागद न घेता, ते फळ्यावर सिद्ध करायचं. याला सगळे नुसतं "फळा" म्हणत. "तुझा फळा कधी आहे?" एकदा घसरलात तर आणखी एक संधी. तीही गेली तर लेखी परीक्षा कितीही झकास दिलीत तरी पदवी नाही. वर्ष पुन्हा करा.

फळा घेणाऱ्या सरांना मुलं टाचणी म्हणायची. माणूस अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. शेवटच्या बाकावर बसून ते खिडकीबाहेर बघत राहायचे. वाटायचं, लक्ष नाही. आणि बरोबर जिथे पाणी मुरत असेल तिथे एकच लहानसा प्रश्न टोचायचे. धाकटीच्या आधीच्या आठवड्यात एक धिप्पाड मुलगा त्या प्रश्नाने फळ्यासमोर रडकुंडीला आला होता.

धाकटीची मैत्रीण म्हणजे कार्बन. तिचा प्रत्येक गृहपाठ कोणाच्या ना कोणाच्या गृहपाठाची खालची प्रत असे, म्हणून कार्बन. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

"तू कुठलं घेतलंस?" कार्बनने विचारलं.

धाकटीने सांगितलं. ते थोरलीचंच होतं.

"ते? वेड लागलंय का? दुसरी सोपी पडलीत ढिगाने."

"हे मला तेराव्या वर्षापासून येतंय. डोळे झाकून येईल."

"मग माझ्या फळ्यालाही तूच जा," कार्बन म्हणाली. "मी आजारी पडते."

प्रमेयात काय आहे हे सांगायला गणित यावं लागत नाही. एक रेघ आहे, दोन्ही टोकांना बंद. तिच्यावर अगणित बिंदू. प्रत्येक बिंदूला त्याचं त्याचं एक अंतर मिळालेलं आहे. लहान असेल, पण शून्य नाही. त्या अंतराच्या आत राहिलं की त्या बिंदूपाशी काही बिघडत नाही. सिद्ध करायचं ते इतकंच, की सगळ्या बिंदूंना मिळून एकच अंतर पुरतं. थोरली हे म्हणायची तेव्हा तिचा वेग शेवटी शेवटी वाढायचा. "बरं का, प्रत्येकाला आपापलं अंतर मिळालं? आता त्यातलं सगळ्यांत लहान घ्यायचं. ते सगळ्यांना चालेल. संपलं." दोन बोटं टेबलावर.

धाकटीने पुस्तकातलं ते पान कधी वाचलंच नव्हतं. येतंय ते कशाला वाचायचं? टाचणीसरांनी ते वर्गात शिकवलं त्या तासालाही ती ताईबरोबर मनात म्हणत बसली होती. सरांचे शब्द वरून निघून गेले.

फळ्याच्या दिवशी तिने थोरलीचा करडा स्वेटर घातला. खडू हातात घेतला, "समजा," म्हणाली, आणि आवाज आला. रोजच्यासारखाच आला, मोकळा, घाईचा, किंचित हसरा. वर्गातली मुलं बघत राहिली. एका वाक्यासाठी तीन ठिकाणी अडखळणारी ही मुलगी, आणि हे काय? कार्बनने तर तोंडावर हात ठेवला. धाकटीला वाटत होतं, आपण फक्त बाजूला उभं राहायचं आहे. हात आपोआप लिहितो आहे, तोंड आपोआप बोलतं आहे.

"आता त्यातलं सगळ्यांत लहान घ्यायचं. ते सगळ्यांना चालेल. संपलं."

तिने फळ्यावर दोन बोटं वाजवली.

खिडकीबाहेर बघत टाचणी म्हणाले, "ते सगळ्यांत लहान असतंच कशावरून?"

धाकटी थांबली. आवाज पुढचं बोलेल म्हणून वाट बघत राहिली. आवाज आला नाही.

"म्हणजे सर?"

"अंतरं किती आहेत?"

"अगणित."

"अगणित गोष्टींत सगळ्यांत लहान असतेच का? अर्धा, पाव, त्याचा अर्धा, त्याचा अर्धा. दाखवा मला यातला सगळ्यांत लहान."

एकही शून्य नव्हता आणि सगळ्यांत लहान असा एकही नव्हता. ते तिला लख्ख दिसलं. तिने मागे वळून फळ्याकडे पाहिलं. तिथे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि खाली फक्त हवा होती.

"पण ती असंच म्हणायची," धाकटी म्हणाली. ती आता स्वतःच्या आवाजात बोलत होती आणि तो आवाज फार लहान होता.

"कोण ती?"

"माझी बहीण."

"मग त्यांना बोलवा," टाचणी म्हणाले. वर्गात दोघंतिघं हसले. कार्बन सोडून कोणाला ठाऊक नव्हतं, सरांनाही नव्हतं. त्यांनी थोरलीला याच खोलीत शिकवलं होतं, पण किती मुली येतात आणि जातात. "घाबरू नका. ही चूक दरवर्षी निम्मा वर्ग करतो. घरी जा, मोडा, आणि पुन्हा बांधा. पुढच्या गुरुवारी."

बोळातून चालताना कार्बन म्हणाली, "त्याला माहीत नव्हतं गं."

"त्याचं नाही," धाकटी म्हणाली. "निम्मा वर्ग ही चूक करतो म्हणाला. ऐकलंस ना?"

कार्बनला कळलं नाही. धाकटीच्या घरी थोरलीसारखी दुसरी झाली नव्हती. तिच्या हुशारीवर आत्या अजून डोळे पुसायची; आई गिऱ्हाइकांना सांगायची, "माझी मोठी असती तर आज कुठल्या कुठे असती." आणि तिची चूक मात्र दरवर्षी निम्मा वर्ग करतो तीच होती.

त्या संध्याकाळी टेबलाशी बसून धाकटीने पुस्तक उघडलं. तोंड मात्र उघडेना.

"झोपलीस का गं?"

"डोकं दुखतंय आई."

दुसऱ्या दिवशीही डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या वर्गात बसूनच अभ्यास करून आली. पुस्तकातली बरोबर सिद्धता तिने वाचली. कळली, न कळण्यासारखं काही नव्हतं. अडचण दुसरीच होती. फळ्यासमोर उभी राहून ती म्हणायला लागली की आवाज यायचा आणि त्या जागेवरून सुसाट पुढे निघून जायचा. ती थांबवायला बघायची. जमायचं नाही. सवयीचा जिना उतरताना पाऊल जसं आपलं आपण पडतं, तसं तिचं तोंड "सगळ्यांत लहान घ्यायचं" म्हणून मोकळं व्हायचं आणि बोटं फळ्यावर वाजायची. तिने दात आवळले, पाणी प्यायली, उलट्या क्रमाने म्हणून पाहिलं. एकदा बोटं वाजायच्या आधीच तिने हात मागे ओढून घेतला, तरी टक टक ऐकू आलं. बाहेर सफाईवाला बाक सरकवत होता. तोच असणार. तिने वही मिटली आणि जवळजवळ पळतच जिना उतरली.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली होती. थोरली प्रत्येक पायरीला थांबायची आणि तिला "का?" विचारायला लावायची. फक्त या पायरीला ती थांबत नसे. इथे ती धावत सुटायची. जणू तिलाही खाली बघायचं नव्हतं. तिथे थांबली असती तर धाकटीने विचारलं असतं. झोपेत असती तरी विचारलं असतं. थोरलीने कपाळावर चापट मारून घेतली असती आणि संध्याकाळभरात सगळं नीट करून टाकलं असतं. निम्मा वर्ग चुकतो आणि निम्मा वर्ग सुधारतो, त्यात काय एवढं. तिला फक्त ती एक संध्याकाळ मिळाली नव्हती. आणि म्हणून ती चूक तशीच राहिली, चांगली हवाबंद, इतकी वर्षं या मुलीच्या तोंडात.

बुधवारी आईने मशीन स्वतःच बंद केलं आणि स्वयंपाकघरात आली.

"तुझं काय चाललंय? आठवडा झाला, घरात आवाज नाही. ते तरी म्हण. आपलं नेहमीचं."

नेहमीचं म्हणजे तेच. आईला सगळ्यांत तेच आवडायचं. शेवटच्या दिवसांत थोरली तेच म्हणायची ना.

"ते नको आई."

"का नको?"

"त्यात चूक आहे." धाकटीने मान खाली घातली होती. "ताई चुकली होती. फळ्यावर मी तसंच म्हटलं आणि अडकले. उद्या परत आहे."

 ओट्यावरचं कोरडं भांडं आईने उगाच पुसलं.

"ती नाही चुकायची," आई म्हणाली. "तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. तेरा वर्षांची तू, डुलक्या काढायचीस. मधलं काहीतरी गाळलं असशील. आता त्याचं खापर तिच्यावर फोडू नकोस."

 हे धाकटीच्या मनातही आलं नव्हतं. खरंच. कोणी सांगावं? मध्ये एखादी पायरी असेल, थोरली थांबलीही असेल, आणि तिला त्याच वेळी डोळा लागला असेल. मग चूक थोरलीची नव्हतीच. इतकी वर्षं ती ताई म्हणून जिचा आवाज काढत होती, ती कोण होती?

"मग तू म्हण," धाकटी म्हणाली.

"मी?"

"तूही ऐकायचीस. रोज ऐकायचीस. ती काय म्हणायची ते म्हण."

"मला काय येतंय गणित?"

"मलाही येत नव्हतं."

आई टेबलाला टेकून उभी राहिली. तिने डोळे मिटले नाहीत की काही नाही. समोरच्या पिठाच्या डब्याकडे बघत तिने सुरुवात केली. "समजा," आई म्हणाली. आणि पुढे सगळं आलं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, प्रत्येक "बरं का" आपल्या जागी, वाक्याच्या शेवटी वर गेलेला आवाज. पन्नाशीच्या बाईच्या तोंडातून वीस वर्षांची मुलगी बोलत होती.  गॅलरीचं दार उघडलं. बाबा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथेच उभे राहिले.

"आता त्यातलं सगळ्यांत लहान घ्यायचं," आई म्हणाली. "ते सगळ्यांना चालेल."

आणि थांबली. शेवटचा शब्द तिने म्हटला नाही. तिलाही ऐकू आलं होतं; मध्ये काही नव्हतं.

"हे तिचं की माझं?" धाकटीने विचारलं. "तू तिच्याकडून ऐकलंस की माझ्याकडून?"

आईने विचार केला. तिचे ओठ हलले.

"आता कसं सांगू," ती म्हणाली. "आता ते वेगळं नाही होत."

बाबांनी दार पुन्हा लोटून घेतलं. आई मशीनवर जाऊन बसली, पण मशीन चालू झालं नाही.

गुरुवारी धाकटी स्वेटर न घालता गेली. थंडी होती, वर्गात सगळे कोट घालून बसले होते. तिने खडू घेतला, "समजा," म्हणाली. आवाज आला. त्या पायरीपर्यंत तो आला, आणि तिथे धाकटीने खडू फळ्यावर टेकवून धरला, जसा कोणी दाराच्या फटीत पाय घालतो.  कोणीतरी खोकलं.

"इथे थांबते," ती म्हणाली. सावकाश, तिच्या चाचपणाऱ्या आवाजात. "इथे सगळ्यांत लहान घेता येत नाही. कारण... अंतरं अगणित आहेत. म्हणून आधी, प्रत्येक बिंदूभोवती, त्याच्या अंतराच्या निम्म्याएवढा तुकडा घ्यायचा. रेघ बंद आहे. दोन्ही टोकं तिच्यातच आहेत. म्हणून या अगणित तुकड्यांतले मोजकेच... मोजकेच तुकडे सगळी रेघ झाकतात." तिने फळ्यावर एकमेकांवर चढलेले तुकडे काढले, फार वेडेवाकडे आले. "आता मोजके आहेत. मोजक्यांत सगळ्यांत लहान असतो."

पुढचं तिने आणखी सावकाश केलं. दोनदा पुसलं. टाचणी खिडकीबाहेर बघत होते. काही टोचलं नाही. शेवटी म्हणाले, "बसा."

"इतका वेळ लावलास," बाकावर कार्बन कुजबुजली, "माझी पेनं सुकली." मग तिने धाकटीचा हात हातात घेतला आणि तो किती गार पडलाय बघून आपला मफलर त्यावर टाकला.

धाकटी बसली आणि कान देऊन ऐकू लागली. आत काही नव्हतं. तिने मनात "बरं का" म्हणून पाहिलं. ते तिच्याच आवाजात आलं, दुकानदाराशी बोलावं तसं.

घरी आई टेबल पुसत होती. बाबाही आत येऊन बसले होते, मीटरशिवाय.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"काय म्हणाले?"

"बसा म्हणाले."

"म्हणजे पास की नापास?" बाबा म्हणाले. "आमच्या साहेबांनी बसा म्हटलं की आम्ही घाबरतो."

"पास."

बाबांनी मान हलवली. आईने फडकं पिळलं, झटकलं, वाळत घातलं. मग पाठमोरीच म्हणाली, "ती असती तर तिनेही दुरुस्त केलं असतं."

"हो. संध्याकाळभरात."

"मग तुला आठवडा का लागला?"

"अगं," बाबा म्हणाले.

"नाही, विचारू दे," धाकटी म्हणाली. तिला शब्द सापडायला वेळ लागला, पण या वेळी कोणी तिचं वाक्य पुरं केलं नाही. "तिला ऐकायला मी होते आई. मला कोण होतं?"

"मी ऐकत नव्हते? रोज हातातलं काम टाकून..."

"तू तिला ऐकत होतीस."

  बाबा आपल्या बोटांवरचा तेलाचा डाग बघत बसले. बऱ्याच वेळाने आईने स्टूल ओढलं आणि टेबलाच्या पलीकडे, धाकटीच्या समोर बसली. तिथे त्या घरात हल्ली कोणी बसत नसे.

"म्हण," ती म्हणाली. "नवीन काय ते म्हण. मला काही कळायचं नाही, पण म्हण."

"समजा," धाकटी म्हणाली.

सुरुवात तीच होती. आईचे ओठ तिच्याबरोबर हलायला लागले, आवाज न करता, अगदी बरोबर. धाकटीने ते पाहिलं आणि नजर वळवली नाही. अंतराच्या पायरीपाशी ती थांबली, तिथे आईचे ओठ थांबले नाहीत. ते आपल्या जुन्या वाटेने धावत पुढे गेले. धाकटी तुकड्यांचं सांगू लागली. आईचे ओठ शेवटच्या शब्दावर मिटले. आईचं सांगून झालं होतं. ती हात मांडीवर ठेवून, धाकटीच्या तोंडाकडे बघत बसून राहिली, आणि धाकटीचं अजून बरंच बाकी होतं.